हबेस, आरिया आणि आमची जीप

गेल्या रविवारी आमच्या जीपचा टब, म्हणजे वरची पत्र्याची बॉडी, परत चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर बसला. अडीच वर्षं झाली, घरी येणारा प्रत्येक जण म्हणायचा अरे या जीपबद्दल लिही की काहीतरी, आणि मला वाटायचं अजून लिहिण्यासारखं झालंय काय, नुसता लोखंडाचा ढीग आहे शेडमध्ये. अजूनही वायरिंग बाकी आहे, सीट बाकी आहेत, रंगाचा शेवटचा हात बाकी आहे. पण टब बसला की गाडीला गाडीचा आकार येतो, त्यामुळे आता लिहितो.

गाडी महिंद्राची सीजे-३बी. जुने लोक तिला लगेच ओळखतात कारण बॉनेट उंच. ही मूळची विलीज या अमेरिकन कंपनीची जीप. विलीजच्या दुसऱ्या महायुद्धातल्या एमबी जीपचं बॉनेट बसकं होतं, तिच्या इंजिनाचे दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, खाली. मग विलीजने हरिकेन नावाचं इंजिन आणलं, त्यात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेला आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्येच राहिला, इंजिन उंच झालं आणि जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेट वर घेतलं. बस एवढंच कारण. बऱ्याच लोकांना ही जीप बेढब वाटते, मला नाही वाटत. आतल्या इंजिनाची उंची बाहेरून कळते, काही लपवलेलं नाही, मला तर ती त्यामुळेच आवडते.

बाबा तोफखान्यात डीएमटी होते, म्हणजे ड्रायव्हर. सर्व्हिसची बरीच वर्षं शक्तिमान चालवला, मागे १०५ एमएमची फील्ड गन. ती तोफ जवळपास साडेतीन टनांची, आणि शक्तिमान म्हणजे जर्मन मॅन कंपनीच्या लायसन्सवर जबलपूरला बनलेला ट्रक, १९९६ पर्यंत बनत होता. रिटायर झाल्यावर आम्ही नाशिकलाच राहिलो, कारण नाशिक रोड कॅम्प आणि देवळाली ही तोफखान्याची ठिकाणं बाबांना गावापेक्षा जास्त घरचं. माझं लहानपण देवळालीच्या रेंजवरच्या आवाजात गेलं. दुपारी झोपलेलं असताना खिडकीची काच थरथरायची, आई म्हणायची झोप रे, फायरिंग चाललंय. नाशिककरांना हे सांगायला नको, भगूर-देवळालीकडच्यांना तर अजिबातच नको.

बाबांनी जीपही चालवली होती, सुरुवातीच्या काळात, युनिटच्या साहेबांना घेऊन जायला. त्या जीपची गोष्ट ते नेहमी सांगायचे, पण ट्रकबद्दल बोलताना जसे मोकळे बोलतात तसे नाही, जरा हळू आवाजात. म्हणून जेव्हा कळलं की एका भंगारवाल्याकडे आर्मीच्या लिलावातून आलेली सीजे-३बी पडून आहे तेव्हा बाबांना न सांगता मी एकटाच बघून आलो, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन गेलो. ते काही बोलले नाहीत. गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून ट्रान्सफर केसला, म्हणजे चारी चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीला हात लावला आणि म्हणाले, "घे."

विकणाऱ्याने सांगितलं होतं हँडल मारलं तर इंजिन फिरतंय. फिरत नव्हतं, पूर्ण जाम होतं, आणि मागची दोन्ही चाकं ब्रेक ड्रमसकट धरलेली. हे आम्हाला कळलं गाडी ट्रेलरवर चढवून पाथर्डी फाट्याच्या आमच्या शेडपर्यंत आणल्यावर. म्हणजे आता ढकलून उतरवता येणार नाही, आणि शेडचं गेट इतकं अरुंद की ट्रेलर आत जाणार नाही. सप्टेंबर महिना, पाऊस नुकताच उघडलेला, आजूबाजूला सगळी काळी माती, नुसता चिखल. मग नाशिकच्याच अंबडहून हायड्रा क्रेन बोलावली.

इथून पुढचा तास-दीड तास मी विसरणार नाही.

हायड्रा तर आपण रोज बघतो, पिवळा, पुढे बूम म्हणजे उचलायचा लांब दांडा, रस्त्यातून टुकूटुकू जाणारा, मागे सगळं ट्रॅफिक वैतागलेलं. मीही वैतागलेलो आहे. पण त्या दिवशी त्याचे ऑपरेटर काका खाली उतरले, पन्नाशीचे असतील, आणि आधी गाडीकडे बघितलंच नाही, आधी जमीन बघितली. टाचेने माती दाबून बघितली. मग खलाशाला, म्हणजे त्यांच्या मदतनिसाला, सांगितलं प्लेटा टाक. दोन जाड लोखंडी प्लेटा चाकांखाली गेल्या. मग त्यांनी कंपाउंडच्या भिंतीपासून ट्रेलरपर्यंत पावलं मोजली. मी म्हटलं काका, गाडी जेमतेम टनाची आहे आणि तुमचा हायड्रा १४ टनांचा, एवढं काय त्यात. ते म्हणाले, "१४ टन लिहिलंय ते बूम आत असताना, दादा. बूम बाहेर काढलं की ते १४ राहत नाही." आणि केबिनमध्ये चिकटवलेला लोड चार्ट दाखवला, कडा फाटलेला, तेलाचे डाग पडलेला. बूम जसजसं पुढे जातं तसतसे आकडे कसे धडाधड खाली येतात ते त्यात दिसतं. वजन गुणिले अंतर, शाळेत तरफ शिकलो होतो तीच ही. क्रेनचं मागचं वजन एका बाजूला, पुढे लटकलेला माल दुसऱ्या बाजूला, मधे पुढची चाकं म्हणजे टेकू. वजन तेवढंच ठेवून अंतर दुप्पट केलं तर क्रेनला ते दुप्पट जड.

मग बेल्ट. गाडी हुकाला लटकवायला मी ट्रेलरवाल्याचे बेल्ट देत होतो, ते काकांनी नाकारले. छोटे आहेत म्हणाले. मला वाटलं छोटे असले की चांगलं, कमी हलेल. त्यांनी हाताची दोन बोटं वर करून दाखवलं: बेल्ट सरळ उभे असतील तर दोघांवर निम्मं निम्मं वजन, पण बोटं जशी फाकत जातील तसा ताण वाढतो. नंतर घरी येऊन मी कागदावर मांडलं. आडव्या रेषेपासून ६० अंशांवर प्रत्येक बेल्टवर वजनाच्या ५८ टक्क्यांच्या आसपास येतं, आणि ३० अंशांवर आलं की प्रत्येक बेल्टवर अख्ख्या वजनाएवढा ताण. म्हणजे टनाची गाडी, दोन बेल्ट आणि दोघांवरही एकेक टन. शिवाय फाकलेले बेल्ट आत दाबतात, आमच्या टबचे गंजलेले पत्रे तर कागदासारखे चिमटले गेले असते. काकांना सायनबियन काही सांगावं लागलं नाही, त्यांच्या दोन बोटांत ते सगळं होतं.

खलाशी समोर उभा राहिला, हात वर करून ओरडला, "हबेस!" आणि जीप ट्रेलरवरून उठली. इतकी हळू की पहिल्यांदा कळलंच नाही, फक्त ट्रेलरच्या स्प्रिंगा वर आल्या, मग चाकांखाली उजेड दिसला. तिथे थांबवली, वितभर उंचीवर. खलाशाने चारी बाजूंनी बघितलं, एक बेल्ट दोन बोटं सरकवायला लावला, परत खाली, परत वर. आणि मग भिंतीवरून आत. आत आल्यावर "आरिया, आरिया, हळू आरिया," आणि गाडी आम्ही मांडून ठेवलेल्या चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, अशी टेकली की आवाज आला नाही.

हबेस म्हणजे वर घे, आरिया म्हणजे खाली सोड. हे शब्द बंदरातले, जहाजांवरच्या लस्करांचे, म्हणजे हिंदुस्तानी खलाशांचे. आरियाचा माग पोर्तुगीज भाषेत लागतो, तिकडे आर्रिआर म्हणजे खाली उतरवणं. शिडाच्या दोरखंडांपासून निघालेला शब्द चारेकशे वर्षं फिरत फिरत पाथर्डी फाट्याच्या चिखलात, हायड्राच्या समोर. बाबांना तो शब्द इतका आवडला की त्या दिवसापासून आमच्या शेडमध्ये कुठलीही वस्तू खाली ठेवायची असली की ते आरिया म्हणतात, चहाचा ट्रे असला तरी.

तेव्हापासून मला क्रेन दिसली की थांबायची सवय लागलीय, आणि सध्या थांबायला जागा खूप आहेत. समृद्धीचा शेवटचा टप्पा, इगतपुरी ते आमणे, जून २०२५ मध्ये सुरू झाला, पण त्याआधी कसाऱ्याच्या बाजूला दरीतून वर आलेल्या त्या उंच खांबांवर गर्डर चढवायचं काम चालू असताना मी दोन रविवार नुसता लांबून बघत उभा होतो. आता सिंहस्थाच्या कामांमुळे शहरातच ठिकठिकाणी बूम दिसतात. आणि मुंबई-आग्रा हायवेवर रात्री कधी कधी तो हायड्रॉलिक ॲक्सलचा ट्रेलर जातो ना, ज्याला मोजता येणार नाहीत इतकी चाकं असतात, वर ट्रान्सफॉर्मर, पुढे पुलर म्हणजे ओढणारा ट्रक आणि मागे ढकलायला अजून एक पुलर, तो बघितलाय का कधी वळणावर? त्याची मागची चाकंसुद्धा वळतात, आणि रस्ता एका बाजूला कलला तरी प्रत्येक ॲक्सलचा हायड्रॉलिक आपापली उंची बदलून वरचा माल सपाट ठेवतो. बाजूने एक माणूस चालत असतो, कंट्रोल हातात घेऊन, माणसाच्या चालीने. लोक हॉर्न मारतात तेव्हा मला वाईट वाटतं, मनापासून. शेकडो टन वजन आपल्या शेजारून चाललंय आणि एक माणूस पायी चालत ते सांभाळतोय, याच्यासाठी पाच मिनिटं थांबायला काय हरकत आहे.

मोठ्यात मोठं म्हणाल तर इंग्लंडमध्ये हिंकली पॉइंटच्या अणुवीज प्रकल्पावर बिग कार्ल नावाची क्रेन आणली होती, ५,००० टन उचलायची तिची ताकद. डिसेंबर २०२३ मध्ये तिने रिॲक्टरच्या इमारतीवर २४५ टनांचा घुमट ठेवला. त्याचा व्हिडिओ मी आणि बाबांनी दोनदा बघितला. बाबा म्हणाले, बघ, हाही आधी वितभर उचलून थांबला असेल.

तोफखान्यातही उचलायचं काम केवढं असतं ते मला बाबांमुळेच कळलं. बोफोर्सचा १५५ एमएमचा गोळा चाळीस किलोच्या वर भरतो. एक गोळा उचलणं कुणालाही जमेल, पण एकामागोमाग उचलत राहणं वेगळं, म्हणून त्या तोफेवरच गोळे उचलायची छोटी क्रेन आहे. आणि तिला स्वतःचं इंजिनही आहे, ट्रकपासून सुटल्यावर थोडं अंतर ती स्वतः चालत जाते, जागा बदलते. पुढे नोव्हेंबर २०१८ मध्ये देवळालीलाच के-९ वज्र आणि एम-७७७ या तोफा सैन्यात दाखल झाल्या, त्याच कार्यक्रमात अशोक लेलँडचा नवा सहाचाकी गन टोइंग, म्हणजे तोफ ओढणारा ट्रकही आला. बाबांनी पेपरमधला फोटो कापून ठेवलाय, तोफांसाठी नाही, त्या ट्रकसाठी. एम-७७७ टायटॅनियम वापरून सव्वाचार टनांच्या आसपास आणलीय, हेलिकॉप्टरखाली लटकवून डोंगरावर नेता येते. बाबांचा प्रश्न एकच होता, तिला हुक कुठे लावतात. त्यांच्या डोक्यात कुठलीही गाडी, कुठलीही तोफ अशीच येते: हिचं वजन कुठे आहे आणि हिला कुठून धरायचं. आता माझ्याही डोक्यात तेच येतं. आम्ही नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, रणगाड्यांचं म्युझियम बघायला गेलो होतो, १९९४ पासूनचं आहे ते. तिथे रोल्स रॉइसची चिलखती गाडी आहे, विजयंता आहे, सेंच्युरियन आहे, पाकिस्तानकडून पकडलेला पॅटन आहे, आणि आम्ही दोघं प्रत्येकाची टोइंगची हुकं बघत फिरत होतो.

असो, जीपकडे येतो.

इंजिन काढायला हायड्रा नको होता. तीन पाइपांची तिपाई उभी केली, त्याला चेन पुली, आणि काकांनी शिकवलं तसं आधी वितभर उचलून थांबलो. थांबलो ते बरं झालं, कारण एक अर्थिंगची पट्टी मागे राहून गेली होती, तीच ताणली जात होती. इंजिन बाहेर आलं, प्लगच्या भोकांतून डिझेल आणि गिअरबॉक्सचं पातळ ऑइल मिसळून ओतलं आणि ठेवून दिलं. रोज संध्याकाळी कामावरून आलो की क्रँकच्या नटाला पाना लावून हलकासा जोर द्यायचा, ना जास्त ना कमी. नवव्या दिवशी केसभर हललं. मी ओरडलो तर आई धावत आली, तिला वाटलं बोट चेमटलं.

उघडल्यावर दिसलं की तिसऱ्या सिलिंडरमध्ये पाणी जाऊन गंजाचा कडा धरला होता. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, सव्वातीन इंचापेक्षा थोडा कमी, ३ पूर्णांक १/८ इंच, आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ४ पूर्णांक ३/८ इंच. म्हणजे बोअर लहान आणि स्ट्रोक लांब, म्हणून हे इंजिन पळायला फार नाही पण कमी आरपीएमला ओढायला जबरदस्त. नाशिकमधल्याच द्वारकाला एका जुन्या बोअरिंगवाल्यांकडे ब्लॉक नेला, त्यांनी बोट फिरवूनच सांगितलं, तीस थाऊला, म्हणजे इंचाचा तीस हजारांश मोठा बोअर करून, निघेल. तीस थाऊलाच निघाला. पिस्टन शोधायला मात्र चार महिने गेले, त्याची कहाणी सांगत नाही, कंटाळाल.

गिअरचं गणित मात्र सांगतोच. सीजे-३बीच्या मूळ रेशोप्रमाणे पहिला गिअर २.७९८, ट्रान्सफर केसचा लो २.४६ आणि ॲक्सल ५.३८. तिन्हींचा गुणाकार केला तर ३७ येतो. म्हणजे फर्स्ट लो मध्ये चाक एकदा फिरायला इंजिन ३७ वेळा फिरतं. आणि आपल्या कसारा-इगतपुरी थळ घाटात रेल्वेचा चढ १ ला ३७, जिथे मागून बँकर इंजिनं लावून गाड्या वर ढकलतात. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, योगायोग आहे, पण ज्या दिवशी हे लक्षात आलं त्या दिवशी मी वहीत दोन्ही ३७ गोल करून ठेवले.

रंग काढताना खरी गाडी सापडली. वरून कुणीतरी मारलेला काळपट इनॅमल, त्याखाली हिरवा, त्याखाली अजून हिरवा, थोडा वेगळा. मी मशीन लावणार होतो, बाबांनी थांबवलं आणि पुढच्या बंपरवर स्वतः हाताने पॉलिशपेपर घेऊन बसले, पाण्यात बुडवून, तीन दिवस. तिसऱ्या दिवशी वर टोक केलेला बाण दिसला आणि त्याच्या शेजारी ६८. आर्मीच्या नंबरात आधी बाण असतो आणि मग गाडी ज्या वर्षी घेतली त्या वर्षाचे दोन आकडे. कागदावर वर्ष नीट वाचता येत नव्हतं, ते असं बंपरने सांगितलं. १९६८. पुढचं अक्षर आणि आकडे पुसट होते, ते आम्ही तसेच ठेवलेत, वरून पारदर्शक लॅकर मारून.

१९६८ म्हणजे पन्नास वर्षांच्या वर, त्यामुळे २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते, नंबरप्लेटवर व्हीए अक्षरं येतात, दहा वर्षांची मुदत. त्यात रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच. आम्हाला तेवढं पुरे. पण हिरवा रंग देता येणार नाही. मोटार वाहन नियमांत १२१ वा नियम आहे, ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांनाच. मला हे बाबांना कसं सांगू कळत नव्हतं, कारण ही गाडी त्यांनी मनात हिरवीच बघितली असणार. सांगितलं तर ते म्हणाले, "बरोबर आहे. तो रंग सर्व्हिसमधल्या गाडीचा. ही रिटायर झालीय." आणि राखाडी रंग निवडला, स्वतःच, शेडकार्ड उन्हात धरून.

चासीला मागच्या स्प्रिंगच्या ब्रॅकेटपाशी भेग होती, कुणीतरी वरून पट्टी वेल्ड करून झाकलेली. ती कापून काढली, भेगेच्या टोकाला बारीक भोक पाडलं म्हणजे भेग पुढे सरकत नाही, मग व्ही काढून वेल्डिंग. अंबडला ब्लास्टिंग करून आणली तेव्हा नागडी चासी शेडमध्ये ठेवली आणि आम्ही दोघं बराच वेळ बघत बसलो. दोन लांब रेल, मधे आडवे मेंबर. सगळी जीप, माणसं, सामान, ट्रेलर, सगळं या एवढ्याशा शिडीवर. जिथे जोर येतो तिथे लोखंड आहे, जिथे येत नाही तिथे नाही.

आणि गेल्या रविवारी टब. रिकामा टब पाच माणसं उचलू शकतात, आम्ही पाच होतो, पण बाबांनी ऐकलं नाही. तिपाई, चेन पुली, लांब बेल्ट, कोपऱ्यांवर जुनी ब्लँकेटं. "हबेस" मी म्हटलं. टब वर गेला, वितभर, थांबलो, बघितलं. मग अजून वर, आणि चासी खालून ढकलत आत घेतली. नवीन रबर पॅड ठेवलेले होते. मी चेन सोडत होतो, शेजारचे दादा आणि त्यांचा मुलगा दोन बाजूंनी टब धरून, आणि बाबा गुडघ्यावर बसलेले, ७१ वर्षांचे, एका हातात लांब स्क्रू ड्रायव्हर, भोकांतून उजेड बघत. पुढची दोन भोकं लगेच जुळली. मागचं उजवं जुळेना. बाबांनी स्क्रू ड्रायव्हर भोकात घालून हलकंच पुढे रेटलं, टब बोटभर सरकला आणि बोल्ट स्वतःच्या वजनाने खाली उतरला.

बाबा मान वर न करता म्हणाले, "आरिया."

मी चेन सोडली. बेल्ट सैल पडले.